विड्यांना हजारी दर होता, स्वेटरला का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हाताने विणलेल्या लोकरी वस्तूंच्या प्रदर्शनावर अर्धे पान मजकूर आला होता. त्यातल्या छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात बाळाचा पिवळा सेट दिसतो: स्वेटर, टोपडे आणि पायमोजे. स्वेटरच्या पुढच्या दोन भागांवर पानांची जाळी आहे आणि डाव्या भागावरची जाळी उजव्यापेक्षा दोन ओळी खाली सुरू झाली आहे. ती चूक माझ्या हातची आहे. अख्खा भाग विणून झाल्यावर ती लक्षात आली आणि उसवायचा धीर झाला नाही. म्हणून तर सेट पाहताक्षणी ओळखू आला.

मी एका व्यापाऱ्याकडून लोकर आणून मजुरीवर विणून देते. त्या चुकीपायी माझ्या मजुरीतून तीस रुपये कापले गेले होते. 'माल सेकंड निघाला' असे मला सांगण्यात आले. प्रदर्शनात मी स्वतः जाऊन पाहिले, तर त्याच सेटला १,४५० रुपयांची चिठ्ठी होती, शेजारच्या बिनचूक सेटला होती तेवढीच. मला मिळाले दीडशे.

लेखाचा मथळा होता 'घरबसल्या महिलांना रोजगार' आणि आत 'फावल्या वेळात चार पैसे' असे शब्द होते. मी छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना मराठी शिकवले. शब्द किती सहज तोंडी बसतात हे मला ठाऊक आहे, आणि लेखिकेचा हेतू चांगलाच होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे दोन शब्द आमच्या मजुरीच्या मुळावर आलेले आहेत. बाई घरी बसलेलीच आहे आणि तिचा वेळ फावलाच आहे, असे एकदा ठरले की त्या वेळेची किंमत कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबेल, पण कृपया छापावे.

आधी वेळेचा हिशेब देते. गेल्या जानेवारीत मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली बसून एका सेटची वेळ वहीत टिपली. सुया हातात असतील तेवढाच वेळ धरायचा, कुकरची शिट्टी झाली किंवा दार वाजले की टिपण थांबवायचे. पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या यांना साडेचौदा तास लागले. भाग जोडणे, गळ्याचे टाके उचलून पट्टी विणणे, काजे करणे, बटणे लावणे यात दीड तास गेला. टोपड्याला पावणेतीन तास आणि पायमोजांच्या जोडीला सव्वातीन. एकूण बावीस तास. माझा हात संथ नाही. सातवीत असल्यापासून मी विणते आणि साधी सुलट-उलट ओळ न पाहता जाते. मजुरी ठरली होती सेटला १८० रुपये, म्हणजे तासाला आठ रुपये आणि वर काही पैसे.

आठ तासांचा दिवस धरला तर बावीस तास म्हणजे पावणेतीन दिवस. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सगळ्या देशासाठी किमान वेतनाचा पायाभूत आकडा दिवसाला १७८ रुपये धरला होता. त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने किमान ३७५ रुपये सुचवले होते, म्हणजे १७८ हा आकडा तेव्हाही अपुराच मानला गेला होता. आणि इतक्या वर्षांनंतर आम्हाला त्या अपुऱ्या एका दिवसाइतके पैसे मिळतात ते पावणेतीन दिवसांच्या कामाचे.

आता माझ्या आईबद्दल सांगते, कारण हा प्रश्न मला तिच्यामुळेच दिसला.

माझे माहेर सिन्नर. त्या काळात सिन्नरच्या गल्ल्यांमध्ये दुपारी उंबऱ्याशी बसलेल्या बायकांच्या मांडीवर सूप दिसे. सुपात भिजवून कातरलेली पाने, एका कोपऱ्यात तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी. आई सकाळी स्वयंपाक उरकून बसे ती दिवेलागणीपर्यंत. आम्ही भावंडे पाने कातरायला आणि विड्यांची तोंडे दुमडायला मदत करायचो. मी पाढे पाठ केले ते पाने मोजता मोजता. संध्याकाळी आई विड्या घेऊन कारखान्यात जायची आणि तिथला माणूस एकेक जुडी तपासून खराब विड्या बाजूला काढायचा. त्याला 'छाट' म्हणत. ज्या दिवशी छाट जास्त निघे त्या दिवशी आई घरी येऊन फारशी बोलत नसे.

तंबाखूने तिची छाती गेली. त्या धंद्याचे गोडवे मला गायचे नाहीत. ठेकेदार खोट्या नोंदी करत, एकाच्या कार्डावर तिघींचे काम दाखवत, हे सगळे मी पाहिले आहे. तरीही आईच्या कामाला हजारी दर होता. हजार विड्यांना अमुक रुपये, हा आकडा गल्लीतल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ होता आणि तो वाढावा म्हणून मोर्चे निघत. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याखाली महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांत साधारणपणे शंभरात पाचपेक्षा जास्त विड्या छाट म्हणून नाकारता येणार नाहीत अशी मर्यादा घातली गेली. तपासणाऱ्याच्या मर्जीवर एका बाईची अख्खी संध्याकाळ अवलंबून असू नये, एवढे तरी सरकारला कळले होते.

१९७७ मध्ये विडीच्या धंद्याला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. मालकांचे म्हणणे पडले की घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नव्हेत. त्या कधी बसतात, कधी उठतात, शेजारी कोण मदत करते यावर आमचा काही ताबा नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की या बायका कामगारच आहेत. त्यामागचे कारण मला फार मोलाचे वाटते: कच्चा माल मालक देतो, तयार माल मालकाकडेच जातो आणि तो नाकारण्याचा अधिकार मालकाला आहे, तेव्हा कामावर ताबाही मालकाचाच आहे. आईने काम सोडले तेव्हा तिच्या हाती फंडाची रक्कम आली. मोठी नव्हती. पण तिच्या आयुष्यात एकरकमी आणि तिच्या स्वतःच्या नावाचे म्हणून आलेले ते पहिले पैसे, आणि त्यातून घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला.

आता माझ्या पिवळ्या सेटकडे पाहा. लोकर व्यापाऱ्याची. नमुना आणि मापे त्याने सांगितलेली. तयार माल त्याच्याकडे जातो आणि 'सेकंड' म्हणून तीस रुपये कापण्याचा अधिकारही त्याचाच. विडी आणि स्वेटर यांत वस्तू सोडली तर फरक कोणता? फरक इतकाच की माझ्या आईला कुणी 'हौशी' म्हटले नाही. विणकामाला मात्र आपण कायम बायकांची हौस समजत आलो. रुखवतात क्रोशाचे रुमाल मांडायचे, बाळंतविड्यात टोपडे-कुंची ठेवायची, पहिली थंडी पडली की नातवाला स्वेटर घालायचा. या सगळ्यात माया आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे. व्यापार त्याच मायेच्या नावावर माल विकतो. प्रदर्शनातल्या फलकावर 'आजीच्या हातची ऊब' असे लिहिलेले होते. ती ऊब एक हजार चारशे पन्नासला विकली जात होती.

आणि आता जे लिहायचे आहे ते माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल आहे. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

निवृत्त झाल्यावर मी लोकर आणायला लागले, कारण दुपार मोठी वाटायची. मला पेन्शन आहे. १८० रुपये कमी की जास्त, याचा मी विचारही केला नाही. उलट माल उचलला जातो, कुणाच्या तरी बाळाच्या अंगावर आपली वीण जाते, याचाच आनंद होता. दोन वर्षे असेच चालले. मग एका सोमवारी माल द्यायला गेले असताना, माझ्याबरोबरच लोकर नेणारी सातपूरची एक बाई मला दुकानाच्या पायरीवर थांबवून म्हणाली, "बाई, एक बोलू का? राग नका मानू."

मी म्हटले, "अगं बोल ना."

"मी सेटला अडीचशे मागितले होते. शेठ म्हणाले, त्या पेन्शनवाल्या बाई एकशेऐंशीत हसत करून देतात, तुझंच काय सोनं आहे? तुमचा वेळ जातो बाई. मला भाडं भरायचंय."

तिचा नवरा गेला त्याला सहा वर्षे झाली. दोन मुली आहेत. सकाळी दोन घरची पोळीभाजी करते आणि दुपारी एकपासून रात्री दिवा मालवेपर्यंत विणते. तिच्या उजव्या तर्जनीवर सुईच्या घासण्याने घट्टा पडला आहे. माझ्या बोटावर तसा घट्टा नाही, कारण मी कंटाळा आला की सुया बाजूला ठेवू शकते. मला तिच्यावर राग आला नाही, पण घरी आल्यावर जेवणही गेले नाही. तिची मजुरी व्यापाऱ्याने पाडली हे खरे, पण ती पाडायला त्याच्या हातात जे माप होते ते मी दिलेले होते.

माझ्यासारख्या किती जणी असतील! निवृत्त शिक्षिका, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, मुले परदेशी असलेल्या. आम्ही 'लोकरीचे पैसे सुटले म्हणजे झाले' असे म्हणतो आणि ते विनयाने म्हणतो. फोनवरून ऑर्डरी घेऊन क्रोशाची सूर्यफुले, किल्ल्यांची कीचेन, बाहुल्या विकणाऱ्या कॉलेजातल्या मुलीही तसेच करतात. चार तासांची बाहुली दीडशेला देतात, त्यात साठ-सत्तर रुपयांचा दोरा आणि कापूस. त्यांनाही कुणी तास मोजायला शिकवलेले नाही. क्रोशाची एक गोष्ट ग्राहकांना माहीत नसते. स्वेटर यंत्रावर विणता येतो, क्रोशासारखी दिसणारी लेसही यंत्रावर निघते, पण खरा क्रोशा एकाच आकडेदार सुईने, एकेक टाका हातानेच घालावा लागतो. मोठ्या दुकानात क्रोशाची पिशवी तीनशे रुपयांना टांगलेली दिसली तर ती कुणाच्या तरी हातांनीच केलेली असते. त्या तीनशेतून दुकानाचा वाटा, दलालाचा वाटा, दोरा आणि वाहतूक वजा करा आणि हाताला काय उरले ते पाहा.

आमची गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला, आंध्रात, नरसापूर नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे आसपासच्या गावांतल्या घराघरांत तो धंदा पसरला. माल परदेशी जातो. १९७० च्या दशकाच्या शेवटी एका जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे जाऊन पाहणी केली, तेव्हा घरकाम सांभाळून दिवसाला सहा ते आठ तास लेस विणणाऱ्या बायकांची गणना कामगार म्हणून होत नव्हती. त्या गृहिणी, आणि लेस हा त्यांच्या रिकाम्या वेळेचा उद्योग. नदीच्या त्या टोकाला जे झाले तेच या टोकाला होताना दिसते.

माझी भाची स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला असते. तिथून रात्रीच्या बोटीने शेटलंड बेटांवर जाता येते. ती गेली होती आणि माझ्यासाठी तिथल्या लोकरीच्या दोन लडी घेऊन आली. त्या बेटांवरच्या शाली इतक्या तलम असतात की अंगठीतून ओढून काढता येतात. लडींबरोबर तिने तिथली हकीकतही सांगितली, आणि मग मी स्वतः ती शोधून वाचली. दीडशे वर्षांपूर्वी शेटलंडच्या बायकांना शालीचे पैसे रोख मिळत नसत. दुकानदार शाल ठेवून घेई आणि बदल्यात चहा किंवा कापड देई. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी. मग तीच पुडी शेजारी कमी किमतीत विकून पीठ आणायचे. १८७२ मध्ये सरकारी चौकशी झाली, तेव्हा बेटांवरच्या विणणाऱ्या बायकांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. १८८७ मध्ये ब्रिटनच्या संसदेने मजुरी रोखीनेच द्यावी या कायद्यात दुरुस्ती केली आणि घरी बसून लोकरीच्या वस्तू विणून दुकानदाराला देणारी व्यक्ती ही या कामापुरती कामगारच समजावी असे लिहून टाकले. म्हणजे 'घरी विणणारीला कामगार कसे म्हणायचे' हा प्रश्न तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळात सुटला होता.

हे वाचून मला गेली दिवाळी आठवली. आमचे तीन आठवड्यांचे पैसे थकले होते. दिवाळीच्या आधी सगळ्यांना बोलावून प्रत्येकीला एक साडी आणि मिठाईचा डबा दिला गेला, फोटो काढले, आणि थकलेल्या रकमेतून साडीचे पैसे वळते झाल्याचे नंतर सांगितले. सातपूरच्या बाईला त्या महिन्यात गॅसचा सिलिंडर भरायचा होता.

वजनाचाही असाच प्रकार. लोकर वजन करून मिळते आणि माल वजन करून घेतला जातो. घट आली तर पैसे विणणारीचे जातात. ॲक्रिलिकच्या लोकरीत फारसा फरक पडत नाही, पण एकदा मेरिनो मेंढीच्या अस्सल लोकरीच्या शालीची ऑर्डर होती. जुलैच्या मुसळधार पावसात सहाशे ग्रॅम लोकर मिळाली. ऑक्टोबरच्या उन्हात शाल दिली तेव्हा वजन भरले पाचशे पंचावन्न. एका सहकारी बाईचे त्यावरून दोनशे सत्तर रुपये कापले गेले आणि तिच्यावर लोकर ठेवून घेतल्याचा आळ आला. अस्सल लोकर हवेतला दमटपणा आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास शोषून घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. लोकरीच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ती बाई त्या दिवसापासून पुन्हा आली नाही. तिची वीण आमच्या सगळ्यांत सुबक होती.

मी व्यापाराच्या विरोधात नाही. सेटला दीड-पावणेदोनशेची लोकर लागते, बटणे, डबा, प्रदर्शनाच्या गाळ्याचे भाडे, विक्रीच्या कामावर ठेवलेली मुलगी, न खपलेला माल, हे सगळे खरे आहे आणि व्यापाऱ्यालाही घर आहे. मी माझ्या वहीत उलटा हिशेब करून पाहिला. तासाला पन्नास रुपये धरले तर बावीस तासांचे अकराशे होतात. मग सेटची किंमत अडीच हजारांच्या आसपास जाईल आणि गिऱ्हाईक कमी होईल, हेही मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय मजुरी पाडणे हा नाही. नमुना बदला. पानांची जाळी काढून टाका, पुढचे भाग साधे सुलट विणा, बाह्या आखूड ठेवा, पायमोजे वेगळे विका. साधा बिनबाह्यांचा स्वेटर आणि टोपडे मी नऊ तासांत पुरे करते, वहीत नोंद आहे. जो नमुना बावीस तास खातो तो घेणाऱ्याला परवडत नसेल, तर त्याने नऊ तासांचा घ्यावा. शिंपी भरतकामाचा ब्लाउज आणि साधा ब्लाउज एकाच शिलाईत शिवत नाही आणि त्याबद्दल आपण त्याच्याशी भांडतही नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर अगदीच अंधार नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने कामगाराची जी व्याख्या केली तिच्यात बाहेर माल नेऊन काम करून देणारा माणूस स्पष्टपणे धरलेला होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला, त्यासाठी इलाताई भटांच्या 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संघटनेने जिवाचे रान केले होते. त्या करारावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. नाशिकच्या कामगार खात्यातल्या अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचले, तर त्यांनी हातविणीच्या कामाचा दर ठरवण्यासाठी काय करता येईल ते या सदरातूनच सांगावे. विडीला हजारी दर बसवता आला, तर लोकरीला शंभर ग्रॅमचा किंवा नमुन्यागणिक दर का बसवता येऊ नये?

तोवर आम्हाला जे करता येईल ते आम्ही सुरू केले आहे. माझ्यासारख्या पेन्शनवाल्या मैत्रिणींना मी घरोघर जाऊन सांगते आहे: नातवंडांना विणा, बाळंतविडा विणा, अनाथाश्रमाला टोपडी फुकट द्या, पण व्यापाऱ्याला फुकट विणून देऊ नका. तो तुमच्या फुकटाचा दर दुसऱ्या बाईला दाखवतो. एक मैत्रीण म्हणाली, "मग शेठ मला कामच देणार नाही." मी म्हटले, नाही दिले तर तुझी दुपार रिकामी जाईल, तिची चूल रिकामी राहील. ती दोन दिवसांनी स्वतःहून आली.

नऊ जणींनी मिळून एक चिठ्ठी तयार केली आहे. कार्बन घालून दोन प्रती होतील अशी साधी वही आहे, शाळेत आम्ही पावत्यांना वापरायचो तशी. तारीख, लोकरीचे वजन आणि जात, नमुना, ठरलेले तास, मजुरी, पैसे कधी मिळणार, आणि खाली दोघांच्या सह्या. नवा नमुना बसवून द्यायचा असेल तर त्याची मजुरी वेगळी, कारण नमुना बसवताना चार वेळा उसवावे लागते. दोष असेल तर माल घेतानाच दाखवायचा. दोषापायी पैसे कापले असतील तर तो सेट त्याच कमी किमतीत विकायचा, किंवा विणणारीला परत द्यायचा. पिवळ्या सेटचे जे झाले ते पुन्हा व्हायला नको.

आपल्याकडेही एक मागणे आहे. यापुढे अशा प्रदर्शनावर, बचत गटावर किंवा घरगुती उद्योगावर लिहाल तेव्हा वार्ताहराला दोनच प्रश्न विचारायला सांगा: ही वस्तू करायला किती तास लागले आणि करणारीला किती रुपये दिले. उत्तर मिळाले तर छापा. टाळाटाळ झाली तर तेही छापा. वाचकांनीही खरेदी करताना हेच विचारावे. दोन-तीनशे रुपये पाडून मागताना ते कुणाच्या हिश्श्यातून जाणार आहेत हेही विचारावे. विकणारा रागावणार नाही. ज्याने नीट मजुरी दिली आहे तो अभिमानाने सांगेल.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही नऊ जणी एकत्र लोकर आणायला जाणार आहोत. सातपूरची बाई पुढे असेल, बोलणे तीच करणार आहे. मी चिठ्ठ्यांची वही घेऊन तिच्या शेजारी उभी राहीन. सेटला पाचशेपासून बोलणी सुरू करायची, असे तिने ठरवले आहे. चिठ्ठीवर सही मिळाली तर लोकर घेऊ. नाही मिळाली तर नऊही पिशव्या रिकाम्या घरी येतील. काय झाले ते आपल्याला कळवीन.

यातल्या काही जणी अजून त्याच दुकानावर अवलंबून आहेत, म्हणून माझे नाव छापू नये ही विनंती. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक